विवाह-समुपदेशकाची निवड

संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच, असे आपल्याकडे पूर्वापार मानले जाते, आणि त्यात तथ्य आहे. परंतु याच समजुतीच्या जोडीला दुसरीही एक समजूत आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातले उणेदुणे चव्हाट्यावर नेऊ नये, या भावनेने कित्येक पतिपत्नी वर्षानुवर्षे अबोल्यात काढतात. अखेर जेव्हा ती बाहेरची मदत शोधू लागतात, तेव्हा दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मदत करणारा माणूस खरोखर जाणता आहे की नाही, हे कसे ओळखावे? आणि त्याची फी आपल्याला झेपेल काय? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हैसूर शहराचे उदाहरण समोर ठेवून त्यांचा येथे विचार केला आहे. या शहरात शिक्षणाची व आरोग्याची जुनी परंपरा आहे, तरीही सामान्य मिळकतीच्या जोडप्याला नेमके दार सापडणे तेथे सोपे नाही.

जुनी मध्यस्थी आणि नवा व्यवसाय

पतिपत्नींच्या भांडणात मध्यस्थी करण्याचे काम पूर्वी घरातील वडीलधारी माणसे करीत. मुलीचा मामा, थोरली जाऊ, गावातील चार प्रतिष्ठित पंच यांच्यासमोर गाऱ्हाणे मांडले जाई आणि समेट घडविला जाई. या पद्धतीत आपुलकी होती, खर्च नव्हता. परंतु तटस्थपणाही नव्हता. समेट म्हणजे बहुधा सुनेने पड खाणे, असाच अर्थ असे. एकत्र कुटुंबे विरळ होत गेली, नोकरीसाठी माणसे परगावी वसली, तशी ही मध्यस्थीही दुबळी झाली.

पाश्चात्त्य देशांत या पोकळीतून एक नवा व्यवसाय जन्मास आला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विवाहविषयक सल्ला देणारी केंद्रे निघाली. अमेरिकेत 1930 च्या सुमारास आणि ब्रिटनमध्ये 1938 साली अशा कामाचा पाया घातला गेला. भारतात या विचाराचा प्रवेश संततिनियमनाच्या वाटेने झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीपुरुषसंबंधांची मोकळी चर्चा चालविली. म्हैसूर संस्थानच्या सरकारने 1930 साली सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला. पतिपत्नींच्या खासगी आयुष्याशी निगडित असलेल्या सल्ल्याची जबाबदारी सरकारने उचलण्याचे ते जगातील अगदी आरंभीचे उदाहरण होय.

मानसशास्त्राच्या अभ्यासातही म्हैसूर मागे नव्हते. 1916 साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठात 1924 साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तो उभारणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांचे नाव पुढे वेगळ्याच कारणाने देशभर गेले : 1935 साली त्यांनी म्हैसुरात चालविलेल्या नभोवाणी केंद्राशी ‘आकाशवाणी’ हा शब्द जोडला गेला. पुढे 1954 मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. 1974 मध्ये ती तेथील सरकारी मनोरुग्णालयाशी एकत्र होऊन आजची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे निम्हान्स, आकारास आली. कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करण्याची पद्धत या संस्थेने दीर्घकाळ जोपासली आहे.

नावे अनेक, अधिकार निरनिराळे

‘समुपदेशक’ अशी पाटी दिसली की आत बसलेला माणूस प्रशिक्षित असणारच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती धोक्याची आहे. या क्षेत्रात निरनिराळ्या शिक्षणाची माणसे काम करतात आणि त्यांच्यातील भेद प्रथम समजून घेतला पाहिजे.

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. वैद्यकीय पदवीनंतर त्याने मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेले असते, वैद्यक परिषदेकडे त्याची नोंद असते आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर नसतो. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रशिक्षण ही त्याची आजवरची रूढ वाट आहे; 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येतही अशा प्रशिक्षणाचा स्पष्ट निर्देश आहे. अशा व्यक्तीची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. 1992 च्या कायद्याप्रमाणे या नोंदीशिवाय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ता हा तिसरा प्रकार. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर त्यानेही रुग्णालयीन प्रशिक्षण घेतलेले असते. कुटुंबातील नाती, पैसा, घर, कायदा या सर्वांचा एकत्र विचार करण्याची त्याला सवय असते. दांपत्यकलहात हा गुण फार उपयोगी पडतो, पण सामान्य माणसाला अशा तज्ज्ञाची सहसा माहितीच नसते.

यांखेरीज मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी किंवा समुपदेशनाची पदविका घेतलेले अनेक समुपदेशक आहेत. त्यांत अत्यंत निष्ठेने काम करणारी माणसे आहेत, तशीच चार आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगणारीही आहेत. ‘समुपदेशक’ या नुसत्या नावाला आपल्या देशात दीर्घकाळ कायद्याचे संरक्षण नव्हते. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 साली झालेल्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते व काही प्रकारचे समुपदेशक यांना नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. परंतु कायदा होणे आणि राज्याराज्यांत त्याच्या नोंदवह्या पूर्णपणे उभ्या राहणे यांत अंतर असते. म्हणून तपासणीचा काही भार ग्राहकालाच उचलावा लागतो.

तपासणी कशी करावी

ही तपासणी अवघड नाही. फक्त संकोच बाजूला ठेवावा लागतो. डॉक्टरला त्याची पदवी विचारणे उद्धटपणाचे वाटते, तसेच येथेही वाटते. तरीही पहिली वेळ ठरवितानाच काही प्रश्न दूरध्वनीवर विचारून घ्यावेत. आपले शिक्षण काय व कोठे झाले? आपला नोंदणी क्रमांक कोणता? जोडप्यांबरोबर काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण आपण घेतले आहे काय? आपल्या कामावर कोणा ज्येष्ठ व्यक्तीची देखरेख असते काय? जाणता समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो किंवा ‘माझ्याकडे आलेले एकही लग्न मोडलेले नाही’ असे सांगतो, त्याच्याकडे न जाणेच बरे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचा क्रमांक पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहता येतो.

यांपैकी तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. एका माणसाचे दुःख ऐकणे आणि परस्परांवर चिडलेल्या दोन माणसांना एकाच खोलीत बसवून दोघांनाही ‘आपले ऐकले गेले’ असे वाटू देणे, ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत. पहिल्या कामात निष्णात असलेला मनुष्य दुसऱ्यात अपुरा पडू शकतो. अशा खोलीत समुपदेशक नकळत एकाची बाजू घेतो, दुसरा गप्प होतो आणि पुढच्या बैठकीला येतच नाही.

भाषेचाही विचार करावा. म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी भाषक कुटुंबे बाजारात व कचेरीत कन्नड सफाईने बोलतात. पण रागावताना, रडताना आणि टोमणा मारताना घरची भाषाच तोंडी येते. ‘तुझ्या माहेरची माणसे’ या तीन शब्दांत जो सूर असतो, तो दुसऱ्या भाषेत नेताना हरवतो. मराठी जाणणारा समुपदेशक मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास दोघांनाही सारख्याच सहजतेने बोलता येईल अशी भाषा निवडावी. एकाला कन्नड चांगले येते आणि दुसऱ्याला मोडके येते, अशा स्थितीत कन्नडमधून बैठक चालली तर पहिल्याची बाजू आपोआप वरचढ ठरते. नवीन लग्न होऊन महाराष्ट्रातून म्हैसुरात आलेल्या मुलीच्या बाबतीत हे हमखास घडते. अशा वेळी नातेवाईकाला दुभाषा म्हणून बसविणे हा उपाय नव्हे, कारण नातेवाईक शब्दांबरोबर स्वतःचे मतही भाषांतरित करतो.

खर्चाचा खरा हिशेब

परवडणारा समुपदेशक म्हणजे कमी फी घेणारा समुपदेशक, हे समीकरण चुकीचे आहे. खर्च हा एका बैठकीच्या फीवर ठरत नाही. किती बैठका लागतील, जाण्यायेण्यास काय पडेल आणि किती रोज बुडेल, या सर्वांची बेरीज करावी लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नवरा गिरणीत कामाला आहे, बायको घरी शिवणकाम करते. त्यांनी प्रशिक्षित समुपदेशक निवडला व तो बैठकीला 1000 रुपये घेतो असे समजा. बारा बैठकांचे 12,000 रुपये झाले. प्रत्येक खेपेस 100 रुपये प्रवासखर्च धरल्यास 1,200 रुपये, आणि दोघांचा मिळून 800 रुपये रोज बुडाल्यास 9,600 रुपये. एकूण 22,800 रुपये. आता दुसरा, अप्रशिक्षित सल्लागार बैठकीला 300 रुपयेच घेतो, पण दिशा नसल्यामुळे तीस बैठका लांबवितो. फीचे 9,000, प्रवासाचे 3,000 आणि बुडालेल्या रोजाचे 24,000 मिळून 36,000 रुपये होतात. स्वस्त वाटलेला सल्ला येथे महाग पडला. उलट, पहिल्याच समुपदेशकाने मिळकत पाहून फी निम्मी केली आणि सायंकाळची वेळ दिली, तर रोज बुडत नाही आणि तोच खर्च 7,200 रुपयांवर येतो.

या उदाहरणातील आकडे प्रत्येकाने आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्यावेत. हिशेबाची रीत तीच राहील. त्यातून निघणारा बोध असा की, फीबद्दल आरंभीच स्पष्ट बोलावे. मिळकतीप्रमाणे फी कमी होते काय? सायंकाळी किंवा रविवारी वेळ मिळेल काय? साधारण किती बैठकांनंतर प्रगतीचा आढावा घेतला जाईल? ठरलेली बैठक चुकली तर पैसे भरावे लागतात काय? प्रत्येक भरण्याची पावती मिळेल काय? वीस-पंचवीस बैठकांचे पैसे एकरकमी आगाऊ मागणाऱ्यापासून सावध राहावे. आगाऊ पैसे गेले की मनाजोगते काम होत नसतानाही माणूस अडकून पडतो.

म्हैसुरात कोठे विचारावे

ज्यांना खासगी फी मुळीच झेपणार नाही, त्यांनी सरकारी व सार्वजनिक संस्थांपासून आरंभ करावा. म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालय 1924 साली स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या कृष्णराजेंद्र रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जे.एस.एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही असा विभाग आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, पहिल्या दिवशी फार वेळ मिळत नाही, हे खरे. तरीही तेथे एका गोष्टीचा उलगडा होतो : हा प्रश्न केवळ स्वभावभेदाचा आहे, की त्यामागे नैराश्य, दारूचे व्यसन किंवा दुसरा एखादा आजार आहे. आजार असेल तर आधी त्याचा उपचार व्हावा लागतो. मनोविकार विभागातूनच पुढे मानसशास्त्रज्ञाकडे किंवा समाजकार्यकर्त्याकडे पाठविण्याची शिफारस मागता येते.

10 ऑक्टोबर 2022 रोजी केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक 14416 असून अनेक भारतीय भाषांतून ती चालते. तीवर पूर्ण दांपत्य-समुपदेशन होत नसले, तरी कोठे जावे याची दिशा मिळते आणि पहिल्यांदाच बोलू पाहणाऱ्याची भीड चेपते. गुंतागुंतीच्या प्रकरणी बंगळूरच्या निम्हान्समध्ये जाता येते. म्हैसूरपासून बंगळूर सुमारे 145 किलोमीटर आहे. दर आठवड्याला इतका प्रवास सामान्य कुटुंबाला झेपत नाही. म्हणून तेथे एकदा नीट तपासणी करून घेऊन पुढील बैठका म्हैसुरातच ठेवता येतील काय, हे विचारावे.

प्रकरण न्यायालयापर्यंत गेले असेल तर वाट थोडी निराळी असते. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने अशा न्यायालयांवर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे आणि त्यासाठी समुपदेशक नेमण्याची तरतूद केली आहे. न्यायालयाशी संलग्न मध्यस्थी केंद्रांचाही उपयोग होतो. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना त्यांची मिळकत कितीही असली तरी विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळू शकते. मात्र मध्यस्थी आणि समुपदेशन एक नव्हे. मध्यस्थीचा हेतू तंटा मिटविणे हा असतो. मग तो मीलनाने मिटो वा सन्मानाने वेगळे होण्याने. समुपदेशनाचा हेतू नाते समजून घेणे हा असतो.

एकत्र बसणे कोठे घातक ठरते

या विषयातील सर्वांत गंभीर मुद्दा खर्चाचाही नाही आणि पदवीचाही नाही. घरात मारहाण होत असेल, स्त्रीला नवऱ्याची दहशत वाटत असेल, तर दोघांना एकत्र बसवून ‘दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडा’ असे सांगणे हानिकारक असते. ज्या खोलीत तिने खरे बोलायचे, त्याच खोलीतून तिला त्याच्याबरोबर घरी परतायचे असते. बैठकीत उच्चारलेल्या एका वाक्याची किंमत रात्री मोजावी लागू शकते. म्हणूनच जाणता समुपदेशक आरंभी दोघांनाही स्वतंत्रपणे, एकेकट्याने भेटतो आणि मारहाण, धमकी, पैसे अडवून धरणे यांविषयी स्पष्ट प्रश्न विचारतो. जो असे विचारीतच नाही, त्याच्या कामात मोठी उणीव आहे असे समजावे.

कायद्यानेही हा धोका ओळखला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा 2005 साली झाला व 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. त्याखाली दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. परंतु त्याच्या नियमांप्रमाणे, हिंसा का केली याचे समर्थन करण्याची मुभा त्या बैठकीत पुरुषाला नसते. एखादा सल्लागार ‘तिने उलट उत्तर दिले नसते तर त्याचा हात उठला नसता’ असे म्हणू लागला, तर तो समुपदेशन करीत नसून जुन्या पंचांचाच निवाडा नव्या भाषेत देत आहे, हे ओळखावे. अशा स्थितीतील स्त्रीने एकटीने मदत घ्यावी. त्यासाठी महिलांचा 181 हा क्रमांक, तातडीच्या प्रसंगी 112, तसेच 2015 पासून सुरू झालेल्या योजनेतील ‘सखी’ केंद्रे आहेत. महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता : आधी सुरक्षितता, मग समेटाची भाषा.

पहिल्या बैठका आणि अपेक्षा

निवड केली म्हणजे काम संपले असे नाही. पहिल्या तीन-चार बैठका या परस्परांच्या परीक्षेच्या असतात. समुपदेशक दोघांनाही जवळजवळ सारखा वेळ देतो काय? कोणाचे चुकले याऐवजी भांडण कोणत्या क्रमाने पेटते, याचा शोध घेतो काय? आपण सांगितलेले तो कोणाला सांगणार नाही आणि कोणत्या परिस्थितीत सांगणे त्याला भाग पडेल, हे त्याने आरंभीच स्पष्ट केले काय? एकाने एकांतात सांगितलेले गुपित दुसऱ्यापासून राखण्याविषयी त्याचा नियम काय? जात, पत्रिका, मूलबाळ, स्त्रीची नोकरी यांवर तो स्वतःची मते लादीत तर नाही? यांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर सरळ तसे सांगून दुसरीकडे जावे. त्यात कृतघ्नपणा नाही.

फलाविषयीची अपेक्षाही माफक असावी. अमेरिकेत दीर्घकाळ तीव्र बेबनाव असलेल्या 134 विवाहित जोडप्यांवर एक अभ्यास झाला आणि त्याचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. या जोडप्यांना प्रशिक्षित व्यक्तींकडून जास्तीत जास्त 26 बैठका मिळाल्या होत्या. पाच वर्षांनी सुमारे निम्म्या जोडप्यांच्या संबंधांत लक्षणीय सुधारणा टिकून होती. सुमारे एक चतुर्थांश जोडपी विभक्त झाली होती किंवा घटस्फोट घेऊन मोकळी झाली होती. तेथील समाज निराळा असल्यामुळे हे प्रमाण जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाही. परंतु दोन गोष्टी त्यावरून दिसतात. जाणत्या हाताखाली केलेले प्रयत्न पुष्कळदा फळास येतात, आणि उत्तमात उत्तम समुपदेशकही प्रत्येक लग्न टिकविण्याची हमी देऊ शकत नाही.

म्हणून समुपदेशकाची निवड करताना पदवी पाहावी, नोंदणी पडताळावी, खर्चाची बेरीज करावी आणि त्यानंतर एक साधी कसोटी लावावी. त्याच्या खोलीतून बाहेर पडताना दोघांपैकी दुबळ्या बाजूच्या माणसाला अधिक मोकळे वाटते, की अधिक भय वाटते? मोकळे वाटत असेल तर ते दार योग्य आहे, मग फी थोडी अधिक का असेना. भय वाटत असेल, तर ते विनामूल्य असूनही परवडणारे नव्हे.